झील नसलेली ओळ

साल दोन हजार तेवीस. मला एकोणसत्तर संपून सत्तरावं लागलेलं, आणि त्या वयात मी तोंडाला रंग लावायचं कबूल केलं.

मला विचारलं गेलं ते असं. रविवारची दुपार, मी जेवायला बसलेलो. आमची मंडळी वाढत होती. भाकरी ताटात टाकता टाकता म्हणाली, "सूनबाई म्हणती, नाटकात एक म्हातारा पायजे. गाणारा."

सूनबाई तिथंच होती, ओट्यापाशी, माझ्यापासून चार पावलांवर. पण आमच्या घरात सून सासऱ्याला थेट काही विचारत नाही. माझ्या आईनं माझ्या आज्याला कधी विचारलं नाही, मंडळीनं माझ्या बापाला विचारलं नाही. जे काही असेल ते सासूच्या तोंडून जायचं. रावेतला आमची शेती होती तोवर हेच होतं, आता शेतात बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि आम्ही टाइल्सच्या घरात राहतो, तरी हेच आहे. सून मोठी शिकलेली, गाण्याची विशारद, पिंपळे सौदागरला सोसायट्यांमधल्या पोरांना गाणं शिकवते. बाहेर ती काय असेल ती असेल. माझ्यासमोर आली की ओढणी डोक्यावर.

मी मंडळीला म्हणालो, "कसलं नाटक?"

मंडळीनं ओट्याकडं बघितलं. ओट्याकडनं बारीक आवाजात उत्तर आलं. मला ते चांगलं ऐकू आलं, तरी मंडळीनं ते परत मला सांगितलं. संगीत नाटक आहे, नवं आहे, सूनबाई बसवतेय, तिचं पहिलंच. त्यात एक म्हातारा नावाडी आहे.

मी जेवण संपवलं, हात धुतला आणि म्हणालो, "सांग तिला, करतो म्हणून."

मी शिकलो चौथीपर्यंत. वाचता येतं, पण एकेक अक्षराला बोट लावून. पुढं एमआयडीसीत प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशिनींपाशी, बत्तीस वर्षं काढली, त्यात उजवा कान थोडा गेला. पण गाणं म्हणाल तर गावच्या देवळात एकादशीच्या भजनाला चाळीस वर्षं पुढं बसणारा माणूस मीच. बुवा म्हणतात मला. माझा आवाज सुरू झाला की पारावर बसलेली माणसं विड्या विझवून आत येतात. हे मी स्वतःच सांगतोय, पण खोटं नाही. त्यामुळं नाटकातला म्हातारा मला अवघड वाटला नाही. म्हातारा मी होतोच, आणि गात तर आलोच होतो.

माझं बोलणं आणि गाणं सूनबाईनं तिच्या आवाजात मोबाइलमध्ये भरून दिलं. पोरानं ते माझ्या फोनवर घातलं. फक्त माझा भाग. बाकीचे काय बोलतात, कोण कुठून येतं, ते नाटकाच्या पुस्तकात होतं, आणि पुस्तक मी उघडलं नाही. सकाळी फिरायला जाताना कानाला फोन लावून ऐकायचो. वाटेत भेटणारे विचारायचे, कोणाचा फोन एवढा वेळ. मी म्हणायचो, सूनबाईचा. त्यांना वाटायचं घरात काही भांडण आहे.

नाटकाची गोष्ट साधी होती. नदीकाठचा नावाडी. पूल होतो, नावेत कोणी बसेनासं होतं. मुलगा कारखान्यात लागतो, बापाला म्हणतो चला माझ्याकडं, बाप हटत नाही. शेवटाकडं एक प्रवेश आहे, संध्याकाळी हा म्हातारा काठावर उभा राहून पलीकडच्या गावाला हाक देतो, गाण्यातून. तेच माझं मुख्य गाणं. "पल्याडच्या माणसा रं, हाक दे, नाव सोडली." अशी त्याची ओळ. चाल सूनबाईनं बांधलेली. चाल ऐकली तेव्हाच मला वाटलं, ही पोरगी आमच्या देवळाच्या भिंतीला कान लावून बसलेली दिसते.

तालीम पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये. गेटवरचा पहारेकरी रोज विचारायचा, कोणत्या फ्लॅटला जायचंय. त्या जागी माझ्या आत्याची ज्वारी असायची, हे मी त्याला एकदा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि परत विचारलं, कोणता फ्लॅट.

तालमीत सूनबाईचं वेगळंच रूप बघायला मिळालं. घरात ऐकू येत नाही तो आवाज तिथं भिंतीला धडकायचा. एकेकाला अशी धरायची की बस. नाटकात माझ्या मुलाचं काम करणारा गडी लातूरकडचा होता, चाकणला एका कंपनीत वेल्डर. पस्तिशीचा, दापोडीला भाड्यानं राहायचा, शिफ्ट करून यायचा. त्याला ती म्हणाली, "सूर जोडता तिथं डाग दिसतोय. कंपनीत असा जोड चालतो का?" तो बिचारा मान हलवून परत म्हणायचा. ऑर्गनवर एक मास्तर बसायचे, माझ्याच वयाचे, चिंचवडचे. आयुष्यभर संगीत नाटकांना साथ केलेला माणूस. त्यांनाही ती सोडायची नाही.

मला मात्र एक शब्द नाही. माझा प्रवेश आला की ती खुर्चीवरून उठून उभी राहायची, गाणं संपेपर्यंत तशीच. संपलं की म्हणायची, "छान झालं, आण्णा." आणि पुढचा प्रवेश. मी मनात म्हणायचो, बघा. ज्याला येतं त्याला कोण काय सांगणार.

पहिल्या आठवड्यानंतर एक चांगली गोष्ट झाली. मी काठावरचं गाणं म्हणत होतो आणि विंगेतून माझ्या मागं आवाज आले. लातूरकर आणि आणखी दोघं. माझी ओळ ते उचलायला लागले. आता हे ज्यांनी भजन ऐकलं नसेल त्यांना सांगायला पाहिजे. भजनात बुवा ओळ सुरू करतो, वर नेतो आणि शेवट सोडून देतो. मागं बसलेले टाळकरी तो शेवट उचलतात, त्याला झील म्हणायचं. तेवढ्यात बुवा दम घेतो. चाळीस वर्षं मी अशीच ओळ सोडत आलो. "पल्याडच्या माणसा रं, हाक दे," एवढं मी म्हणायचो, आणि "नाव सोडली" हे मागून यायचं. मला फार बरं वाटलं. एकादशीला देवळात मी सांगितलंसुद्धा, नाटकात माझ्या मागं झील धरायला तीन माणसं दिलीत म्हणून. मंडळी रोज सकाळी चहा देताना म्हणायची, "सूनबाई खूश हाय म्हणती."

असं महिनाभर चाललं.

मग एक दिवस चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा झाला आणि सगळ्या कंपन्यांच्या बसा अडकल्या. झीलवाले तिघंही तिकडंच कामाला, तिघंही आले नाहीत. सूनबाईनं माझा प्रवेश पुढं ढकलला, दुसरं काहीतरी करून घेतलं. शेवटी करायला दुसरं उरलं नाही. मी उभा राहिलो. मास्तरांनी सूर दिला. मी ओळ वर नेली, "हाक दे" वर नेऊन सोडली.

मागं काहीच नाही.

मी थांबलो. मास्तरांचा ऑर्गन दोन स्वर पुढं गेला आणि तोही थांबला. माझे हात टाळ धरल्यासारखे पोटापाशी आले होते, ते मला तेव्हा दिसले. मला राग आला. मी म्हणालो, "झील कुठाय?"

हॉलमध्ये जी माणसं होती ती जमिनीकडं बघायला लागली. सूनबाई म्हणाली, "उद्या येतील ते, आण्णा. छान झालं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाई, महिनाभरात आज पहिल्यांदा तो प्रवेश नाटकात आहे तसा झाला."

सूनबाई त्यांच्याकडं बघून नको नको अशी मान हलवत होती. मी ते बघितलं. मी मास्तरांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, काय असेल ते तोंडावर सांगा. ते म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पुस्तकात झील नाही. नावाडी हाक मारतो आणि पलीकडून कुणी उत्तर देत नाही, म्हणून तर तो प्रवेश आहे. तुम्ही ओळ अर्धी सोडता. ती लोंबकळू नये म्हणून बाईंनी मागं माणसं लावली."

मी चपला घातल्या आणि खाली गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. घरच्या दारात पाय टाकल्याबरोबर मी मंडळीला सांगितलं, "सांग तिला, दुसरा म्हातारा बघायला. मी येणार न्हाई."

दोन दिवस मी हटलो नाही. पोरगा म्हणाला, आण्णा, प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. मी म्हणालो, असू दे. सूनबाई चहा आणून टीपॉयवर ठेवायची आणि जायची. ती काही म्हणणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिनं काहीतरी म्हणावं म्हणून मी तिथंच बसून राहायचो. माणूस किती येडा असतो बघा.

तिसऱ्या दिवशी मंडळी लसूण सोलत माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का हे.

ती म्हणाली, "ठाऊक नसायला काय झालं. ती रोज सकाळी मला सांगायची, आई, आण्णांना एवढं सांगा, ओळ पुरी म्हणा म्हणावं. रोज सांगायची."

"मग?"

"मग काय. तुमचं त्वांड बघितलं की मी म्हणायची, सूनबाई खूश हाय."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मंडळी पुढं म्हणाली, "हसू नका. तिकडं तिची काय दशा झाली ती तुम्हाला न्हाई ठाऊक. नाटकातली माणसं म्हणत्यात, बाईला गाणं कळतं पण नाटक न्हाई कळत. एकट्या माणसाच्या गाण्याला झील लावून ठेवली. आणि ती ऐकून घेती. व्हय, माझंच चुकलं, म्हणती. सासऱ्याला येत न्हाई असं चार माणसांत तिच्या तोंडून निघत न्हाई."

मी विचारलं, कोण म्हणतं तिला नाटक कळत नाही. मंडळी म्हणाली, सगळेच.

हे मला सहन झालं नाही. माझ्या घरची सून. तिनं बांधलेली चाल मी चाळीस वर्षांच्या भजनात ऐकली नाही अशी, आणि तिला कोणी म्हणतं तिला कळत नाही. आणि ते कशामुळं, तर माझ्या अर्ध्या ओळीमुळं. मी उठलो, पोराला फोन लावला आणि विचारलं, आज तालीम कितीला आहे.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे होते. लातूरकर मला बघून पुढं आला. म्हणाला, "काका, बरं झालं आलात. आमचाबी घसा बसायलाय तुमच्या मागं म्हणून म्हणून." मी त्याला म्हणालो, आजपासून तुझी सुटका.

माझा प्रवेश आला. सूनबाई सवयीनं उठून उभी राहिली. मी जागेवर उभा राहिलो, पण सुरू केलं नाही. मी म्हणालो, "तू खुर्चीवर बस."

ती बसेना. मी म्हणालो, तू बसल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मास्तर म्हणाले, "बसा बाई, नाहीतर हे बाबा उद्या सकाळपर्यंत असेच उभे राहतील." ती बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकली.

मी म्हणालो, "आता ऐक. मी चुकलो की चुकलं म्हणायचं. सासूला सांगायचं न्हाई. मला सांगायचं."

मी गायला लागलो. वर नेलं, आणि काय सांगू, शेवट सोडला. मला माहीत होतं सोडायचा नाही. तरी तोंड आपोआप मिटलं. चाळीस वर्षांची सवय. विंगेत बघितलं तर लातूरकर तोंडावर हात दाबून उभा. त्यालाही सवय लागली होती, ओळ त्याच्या ओठावर आली होती.

सूनबाई जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटली.

मी म्हणालो, "ऐकू आलं न्हाई. प्रेस शॉपनं कान खाल्लेत माझे."

"चुकलं, आण्णा."

"आता कसं." मी परत सुरू केलं. परत सोडलं. ती म्हणाली चुकलं. परत. चुकलं. माझे कान तापले. पोराच्या वयाची माणसं बघत होती, आणि मी, गावचा बुवा, घरच्या सुनेकडून ऐकून घेत होतो. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं की चपला घालाव्या आणि चालू लागावं. पण मीच तिला बसवलं होतं, आणि आता उठून गेलो असतो तर लोकांचं म्हणणं खरं झालं असतं.

कितव्यांदा ते मी मोजलं नाही, पण एकदा मी ओळ सोडली आणि ती खुर्चीवरून उठली. उभी राहिली ती माझ्या मानासाठी नव्हे. ओढणी खांद्यावर आलेली, तिचं लक्षच नव्हतं. नेहमी बाकीच्यांना जो आवाज लावायची त्या आवाजात म्हणाली, "आण्णा, कुणाची वाट बघताय? पलीकडं कुणी नाही. टाळ नाही, झील नाही. कुणी उचलणार नाही तुमची ओळ. तुमची आहे, तुम्हीच संपवा."

आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं असावं. हात ओढणीकडं गेला.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे ती. मास्तर, सूर द्या."

ह्या वेळी मी वर नेलं, "हाक दे" म्हटलं आणि दम संपला तरी थांबलो नाही. "नाव सोडली" हे मी पहिल्यांदा स्वतः म्हटलं. भजनासारखं नाही आलं. खाली आलं, थोडं फाटलं. माझ्याच आवाजात मला ते नवीन होतं. मी हात पोटापाशी नेले नाहीत, दोन्ही बाजूंना तसेच सोडून दिले. समोर क्लब हाउसची काच होती आणि तिच्या पलीकडं सोसायटीचा पोहण्याचा तलाव. मी त्या पाण्याकडं बघत उभा होतो आणि खरंच कोणी उत्तर देत नव्हतं. मला तो म्हातारा तेव्हा कळला. तोवर मी नुसता गात होतो.

मास्तरांनी हात उचलले. लातूरकरानं तोंडावरचा हात काढला आणि हळूच म्हणाला, "आयला, काका."

मी सूनबाईकडं बघितलं. मला वाटलं आता छान म्हणेल.

ती म्हणाली, "फाटलं ते चालेल. पण 'सोडली'ला घाई झाली. परत."

ते 'परत' मला आजही आठवतं. माझ्या भजनाला गावानं पुष्कळ मान दिला, शाल दिली, नारळ दिला. पण 'परत' मला कोणी म्हटलं नव्हतं. परत म्हणणारा माणूस आपल्याकडून आणखी काही निघेल असं धरून चालतो. सत्तराव्या वर्षी माझ्याकडून आणखी काही निघेल असं धरणारी ती एकटी निघाली. तिचे उपकार मी मानतो, आणि लिहून ठेवतो, कारण तोंडानं बोलायला मला जमत नाही. मास्तरांचेही मानतो, त्यांनी तोंडावर सांगितलं. लातूरकराचे मानतो, आठ तास वेल्डिंग करून यायचा आणि महिनाभर माझी अर्धी ओळ वाहायचा, कधी कुरकुरला नाही. मंडळीचे किती मानायचे ते अजून ठरवतोय.

पुढं प्रयोग झाला, चांगला झाला, आणखीही झाले. त्यात कोणाला काय वाटलं ते ज्यांनी बघितलं ते सांगतील. सूनबाईला नाटक कळत नाही असं मात्र पुन्हा माझ्या कानावर आलं नाही, उजव्यावरही नाही आणि डाव्यावरही नाही.

त्या 'परत'च्या तालमीवरून घरी आलो तेव्हा तिनं उंबऱ्यात ओढणी परत डोक्यावर घेतली. माझ्या मनात एकच होतं, ही घाई कशी काढायची. 'सोडली' म्हणताना दम पुरत नव्हता. हे देवळात मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण तिथं त्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, आंघोळ केली. सूनबाई पोराचा डबा करत होती, तिला ओट्यापासून हलता येण्यासारखं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीतली तिची पेटी उचलली, स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली आणि तिथंच खाली पाटावर मांडी घालून बसलो. मंडळी चहाचा कप घेऊन मध्ये उभी राहिली. तिला म्हणालो, तू जरा बाजूला हो. आणि ओट्याकडं बघून म्हणालो, "सूनबाई, दम कुठं घ्यायचा ते सांग." तिनं हातावरचं पीठ झटकलं आणि सांगायला लागली.